चाळणीतले पाणी

संवत्सरीच्या संध्याकाळी बीड, आष्टी, कडा, गेवराई, माजलगाव येथील स्थानकांत प्रतिक्रमण चालू असते. दुकाने दिवसभर बंद असतात, उपवासाने ओठ सुकलेले असतात आणि बारा व्रतांच्या अतिचारांचे पाठ एकामागून एक पुढे सरकत असतात. दुसऱ्या व्रतापाशी, म्हणजे स्थूल मृषावादाच्या त्यागापाशी, पाच मोठ्या असत्यांची नावे येतात : कन्यालीक, गवालीक, भूम्यालीक, न्यासापहार आणि कूटसाक्ष. व्यापारी घरातल्या माणसाचे मन यांतल्या शेवटच्या तीन शब्दांपाशी क्षणभर थबकते. जमिनीचा सौदा, कोणाची ठेव, न्यायालयातली साक्ष हे त्याच्या रोजच्या वहिवाटीतले विषय. गाईगुरांच्या व्यवहाराशी आता त्याचा फारसा संबंध उरलेला नाही. पहिला शब्द मात्र बहुतेकांच्या जिभेवरून नुसताच घसरून जातो.

कन्यालीक म्हणजे कन्येविषयी बोललेले असत्य. विवाह ठरविताना सांगितलेले खोटे. टीकाकारांनी हा अर्थ पुढे रुंद केला. कन्या हे केवळ उपलक्षण आहे, दोन पायांच्या कोणत्याही जीवाविषयीचे असत्य त्यात येते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे वराविषयीचेही येते, सुनेविषयीचेही येते आणि जावयाविषयीचेही. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त गृहस्थाच्या सत्यव्रताचे विवेचन करताना हीच पाच असत्ये सांगितली आणि आरंभ कन्येपासूनच केला. ज्यांचा सारा धंदा पतीवर चालतो, त्यांच्या यादीत ठेव बुडविण्याच्या कितीतरी आधी सोयरिकीतले खोटे यावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बुडालेली ठेव व्याजासह परत करता येते. खोट्यावर उभ्या राहिलेल्या संसारातली वर्षे कोणत्या वहीत जमा करायची?

या असत्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत परिचित कथा सोळा सतींच्या नामावळीत आहे. सती सुभद्रेचे नाव पहाटे घेणाऱ्या घरांत तिच्या चाळणीची गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या गोष्टीचा आरंभ मात्र क्वचितच सांगितला जातो. सुभद्रा जिनदत्त श्रावकाची मुलगी. जैन नसलेल्या घरी मुलगी द्यायची नाही, असा जिनदत्ताचा निश्चय होता. चंपानगरीचा बुद्धदास हा तरुण व्यापारी तेथे आला, त्याने सुभद्रेला पाहिले आणि त्याचे मन तिच्यावर जडले. त्याचे घर बौद्ध उपासकांचे. त्याने जिनदत्ताला ते सांगितले नाही. तो मुनींकडे जाऊ लागला, पाठ शिकला, श्रावकाचा आचार पाळू लागला. जिनदत्ताला तो धर्मनिष्ठ जैन वाटला आणि त्याने आनंदाने मुलगी दिली. काही कथनांत बुद्धदासाची श्रद्धा पुढे खरीच पालटली, असे म्हटले आहे. काहींत ते सोंग सोंगच राहिले. दोन्हींत पुढची घटना एकच आहे. सुभद्रा चंपेला सासरी आली आणि तेथे तिला कळले की या घरात तिचा धर्म कोणाचाच नाही.

येथून पुढचे सर्वांना माहीत आहे. भिक्षेसाठी आलेल्या मुनींच्या डोळ्यात कण गेला होता. सुभद्रेने तो जिभेने काढला, तेव्हा तिच्या कपाळीचा तिलक मुनींच्या कपाळावर उमटला. आधीच रागात असलेल्या सासूला तेवढेच हवे होते. तिच्या शीलावर आळ आला आणि नवऱ्याचे मनही कलुषित झाले. मग नगराची दारे आपोआप मिटली, कोणाच्याने उघडेनात. शीलवती स्त्रीने कच्च्या सुताला बांधलेल्या चाळणीने विहिरीचे पाणी काढून शिंपडले तरच ती उघडतील, अशी वाणी झाली. सुभद्रेने पाणी काढले. चाळणीतून एक थेंब गळला नाही.

शतकानुशतके या कथेतून शीलाचा महिमा सांगितला गेला आणि तो योग्यच आहे. परंतु कथेचा हिशेब मांडला तर एक नोंद डोळ्यांत खुपते. खोटे बोलला बुद्धदास, आणि परीक्षा झाली सुभद्रेची. जिने काहीही लपवले नव्हते, जिचा धर्म सासरच्या प्रत्येक माणसाला उघड दिसत होता, तिच्याच हातात चाळणी आली. (कथेतला ‘बौद्ध’ हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या वादविवादांतून आलेला आहे. मराठवाड्यातल्या आजच्या शेजाऱ्याकडे त्या चष्म्यातून पाहण्याचे काही कारण नाही. ‘आम्हाला फसवले’ एवढेच जैन कथांनी सांगितलेले नाही. त्यांनी स्वतःच्या लपवाछपवीच्या कथाही तितक्याच प्रामाणिकपणे जपून ठेवल्या आहेत. त्यांचा उल्लेख पुढे येईलच.)

बीड जिल्ह्यात आज ही चाळणी कोणाच्या हातात आहे, हे पाहायचे तर आधी एका आकड्याकडे पाहावे लागते. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ वर आल्या, आणि तो आकडा राज्यातला सर्वांत खालचा होता. हा हिशेब सर्व समाजांचा मिळून आहे. पण त्याच २०११ साली देशभरातल्या जैनांत हे प्रमाण ८८९ होते, सर्वसाधारण राष्ट्रीय प्रमाणापेक्षा कमी. मुंगी वाचावी म्हणून रात्री दिवा जपून लावणाऱ्या घरांनाही या हिशेबातून अंग काढून घेता येत नाही. २००१ च्या गणनेत जी मुले होती, ती आज लग्नाची आहेत. २०११ च्या गणनेतली त्या उंबरठ्यावर येत आहेत.

त्यात ज्या मुली आहेत त्या शिकल्या आणि पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, मुंबईला गेल्या. धारूरच्या किंवा केजच्या पेठेत वडिलांच्या गल्ल्यावर बसलेल्या मुलाला स्थळ येत नाही. दुकान चांगले चालते, घर स्वतःचे आहे, मुलगा निर्व्यसनी आहे; तरी पस्तिशी उलटते. मग एखादा मध्यस्थ दारात येतो. तो दूरच्या राज्यातली मुलगी आणतो, पैसे ठरतात, आणि बायोडाटावर धर्माच्या रकान्यात ‘जैन’ असे लिहिलेले असते. कधी तो मध्यस्थ घराला फसवतो. पण कधी घराला सारे ठाऊक असते आणि फसवायचे असते ते समाजाला. महाराष्ट्रात लग्नात वधूचे नाव बदलण्याची रीत आहेच. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की जुने नाव विचारणारा कोणी उरत नाही. आठ दिवसांत तिला नवकार शिकवला जातो, महिन्याभरात तिक्खुत्तोचा पाठ. आजीला सांगितले जाते, ‘विदर्भाकडचे घर आहे, साधे आहे.’ साध्वीजी गोचरीला येतात, नव्या सुनेला मायेने विचारतात, ‘बेटा, माहेर कोणते? तिथे स्थानक आहे का?’ आणि ती उत्तर देण्याआधी सासूच्या चेहऱ्याकडे पाहते.

या घरात खोटे कोणी सांगितले? सासऱ्याने सांगितले, मध्यस्थाने सांगितले, नवरा गप्प राहिला. ते पाळायचे आहे मात्र तिने, रोज, प्रत्येक पाहुण्यासमोर. तिच्या माहेरी जे देव होते, जी गाणी होती, जे सण होते, त्यांतले एकही तिच्या तोंडून निघून चालत नाही. तिला मुलगा झाला तर त्याला आजोळची गोष्ट सांगायची नाही. समाज म्हणतो की आपला धर्म तिने स्वीकारला. स्वीकारायला आधी विचारावे लागते. ते कोणी विचारले नाही. ती मुलगी पुढे मनापासून सामायिक करू लागेलही; अनेक जणी करतात, आणि जन्माने जैन असलेल्या जावांपेक्षा अधिक निष्ठेने करतात. तरीही ते तिचे झाले असे म्हणायला एक उघड क्षण लागतो, जेव्हा ती ‘नाही’ म्हणू शकली असती.

लपवण्याचा दुसरा प्रकार पुण्याच्या वसतिगृहांत घडतो आणि त्यात शब्दाने खोटे बोलावेही लागत नाही. मराठवाड्यातल्या सैतवाल घराण्यांची आडनावे इतर मराठी आडनावांसारखीच, तेव्हा त्या मुलीला कोणी जैन समजतच नाही. ओसवाल मुलाला वर्गातली मुले ‘मारवाडी’ म्हणतात आणि तेवढ्यावर त्यांचे समाधान होते. जनगणनेच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहून मोकळे होण्याची सवय घरातल्या मोठ्यांनाही होतीच. पहिल्या महिन्यात ती मुलगी सूर्यास्तानंतर न जेवण्याचे कारण ‘भूक नाही’ असे देते. तिसऱ्या महिन्यात ती सगळ्यांबरोबर रात्री जेवते. आणि कोणावर मन जडले, तर त्याला तिने आपल्या घराविषयी काय सांगितलेले असते? घरचे ‘थोडे धार्मिक’ आहेत, एवढेच. घरात जैनेतर जावयाचा विषयसुद्धा निघू शकत नाही, हे ती त्याला दोन-तीन वर्षे सांगत नाही. घरी तो मुलगा ‘ग्रुपमधला’ असतो, त्याचे पूर्ण नाव कधीच उच्चारले जात नाही. दोन्हीकडे दोन वह्या, आणि दोन्ही खोट्या.

दिगंबर परंपरेतली अकलंक-निकलंकांची कथा येथे आठवते. दोघे भाऊ मान्यखेटचे, म्हणजे आजच्या मळखेडचे. बीडप्रमाणेच ते गावही पुढे निजामाच्या राज्यात होते. बौद्ध गुरूंकडे न्यायशास्त्र शिकता यावे म्हणून त्यांनी आपले जैनत्व लपवले. गुरूंना संशय आला. त्यांनी जिनप्रतिमा ओलांडून जायला सांगितले, तेव्हा अकलंकाने प्रतिमेवर एक सूत टाकले, आता ही जिनप्रतिमा नव्हे असे मनाशी ठरवले आणि ती ओलांडली. एवढी सूक्ष्म युक्ती साधली. मग एका रात्री गुरूंनी काशाची भांडी उंचावरून आदळवली. गाढ झोपेतून दचकून उठलेल्या दोन्ही भावांच्या तोंडून णमोकार निघून गेला. ते पळाले, निकलंक मारला गेला. विद्येसाठी केलेले ते लपवणे परंपरेने क्षम्य मानले, पण त्याची किंमत कथेतून पुसली नाही. आणि ती किंमतही दोघांपैकी ज्याने दिली, तो सूत टाकणारा नव्हता.

लपवणे आणि खाजगी ठेवणे यांत फरक आहे, हेही खरे. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगितलीच पाहिजे असे कोणताच आगम म्हणत नाही. उलट ‘उपासकदशांग’ सूत्रात सत्यव्रताचे जे पाच अतिचार आहेत, त्यांत ‘स्वदारमंत्रभेद’ हा एक आहे : पत्नीने विश्वासाने सांगितलेली गुप्त गोष्ट बाहेर फोडणे. सुनेचे मूळ गावभर सांगत सुटणारी जाऊ किंवा नणंद सत्याचे व्रत पाळत नसते, मोडत असते. त्याच यादीत ‘कूटलेखकरण’ आहे, म्हणजे खोटा लेख करणे. बायोडाटावरचे ‘जैन’ तेथे बसते. कसोटी साधी आहे. ज्या गोष्टीवर समोरच्याचा होकार अवलंबून आहे, ती त्याच्यापासून दडवली तर ते असत्य. बाकीच्या गावाला ती कळली नाही तर त्यात कोणाचे काही जात नाही.

ही कसोटी लावली तर जैन-जैन सोयरिकीही सुटत नाहीत. मुलीकडे चौविहार कडक आहे आणि मुलाचे दुकान रात्री साडेनऊला बंद होते. मुलीकडचे मंदिरमार्गी आहेत आणि मुलाकडे मूर्तिपूजा नाही. मुलगा वसतिगृहापासून अंडी खातो आणि बायोडाटावर ‘संस्कारी’ लिहिले आहे. चार गोत्रे टाळण्याची चौकशी तीन पिढ्यांपर्यंत होते, पगाराचा आकडा पडताळून पाहिला जातो, आणि मुलगा-मुलगी स्वतः काय मानतात, काय पाळतात, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अवघड म्हणून टाळला जातो. लग्नानंतर पहिल्याच पर्युषणात तो प्रश्न स्वयंपाकघरात उभा राहतो.

कायद्याचेही थोडे माहीत असावे. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा जैनांना लागू आहे. संमती कपटाने मिळवली असेल तर कलम १२ नुसार विवाह रद्द करून घेता येतो. १९७६ पूर्वी ‘कपट’ या शब्दाचा अर्थ न्यायालये फार आखूड करीत. वधूचा फेफऱ्याचा आजार लपवला तरी ते या कलमातले कपट नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयानेही एका प्रकरणात म्हटले होते. १९७६ च्या दुरुस्तीने समोरच्या व्यक्तीविषयीची कोणतीही महत्त्वाची वस्तुस्थिती त्यात आली. मात्र कपट उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिल्यास ती वाट बंद होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये ओळख लपवून केलेल्या लग्नाचा उल्लेख कपटाच्या साधनांत आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत असू शकते.

याहून कठोर गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या ४ डिसेंबर २००८ च्या एका निकालात दिसते. आंध्र प्रदेशातून आलेल्या त्या प्रकरणात, तरुणाने आपण हिंदू असल्याचे सांगून १९९६ मध्ये मंदिरात लग्न केले आणि ते हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवले, अशी पत्नीची तक्रार होती. तो होता रोमन कॅथलिक. न्यायालयाने म्हटले की या कायद्याखालचा विवाह दोन हिंदूंमध्येच होऊ शकतो (जैन, बौद्ध, शीख यांचा समावेश त्या शब्दात होतो), तेव्हा नोंद झाली तरी असा विवाह वैध ठरत नाही. त्या प्रकरणात पत्नीलाच सुटका हवी होती. पण बीडच्या घरात नाव बदलून आणलेली, संसार टिकवू पाहणारी सून ख्रिस्ती किंवा मुस्लिम घरची असेल, तर हाच नियम तिच्या पायाखालची फरशी काढून घेतो. ज्यांनी तिचा धर्म लपवला त्यांनी तिचे पत्नीपणच अधांतरी ठेवले, हे त्यांच्या ध्यानातही नसते.

उघड मार्ग आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार तीस दिवसांची नोटीस देऊन, दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करता येते. व्यापारी घरे त्याला भितात, त्याचे एक कारण भावनेपेक्षा वेगळे आहे. एकत्र कुटुंबातल्या जैन सदस्याने या कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्याबाहेर विवाह केला, तर कलम १९ नुसार तो त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे कायदा मानतो. त्याचा हिस्सा बुडत नाही, पण वेगळा होतो. आजोबांच्या नावाचे दुकान, सामाईक गोदाम, एकच एचयूएफ खाते, हे सारे पुन्हा मांडावे लागते. वाटणीच्या त्या भयापोटी कित्येक वडील ‘तिला आपल्यातलीच दाखवू’ या तडजोडीला येतात. वाटणी सनदी लेखापालाच्या कार्यालयात चार बैठकांत होते. दुसऱ्या वाटेचा खर्च त्यांनी मोजलेला नसतो.

मुलगी पुण्याहून फोन करते आणि म्हणते, ‘पप्पा, तुम्हाला एक सांगायचं आहे.’ लपवाछपवीचे पुढचे सारे भवितव्य त्यानंतरच्या दोन-चार मिनिटांत ठरते. बहुतेक घरांत पहिले वाक्य असते, ‘तुझ्या आईला हे कळलं तर ती जगेल का?’ दुसरे, ‘धाकटीचं लग्न कसं होणार?’ मुलगी फोन ठेवते. यानंतर ती खरे सांगत नाही, आणि वडिलांना वाटते की विषय मिटला. त्यांची बाजूही पोकळ नाही. घरचा आचार चार पिढ्यांनी जपलेला आहे, गावात समाज मूठभर आहे, आणि तो आपल्यानंतर उरेल का, ही काळजी खरी आहे. नकार देण्याचा त्यांना हक्क आहे. परंतु नकार एक, आणि सत्य बोलण्याची शिक्षा दुसरी.

हैदराबादेत राहून बत्तीस आगमांचे हिंदी भाषांतर करणाऱ्या अमोलकऋषींच्या नावाची शिक्षणसंस्था आष्टी तालुक्यातल्या कडा गावी आहे. त्या बत्तिसांतच ‘उपासकदशांग’ आहे. मुनींच्या नव्हे, दहा गृहस्थांच्या कथा त्यात आहेत. पहिला आनंद, वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. भगवंतांपाशी बारा व्रते घेऊन तो घरी आला, ते थेट पत्नीकडे, शिवानंदेकडे. आपण काय स्वीकारले ते त्याने तिला सांगितले आणि तूही जाऊन ऐक, म्हणाला. ती गेली, तिने स्वतः ऐकले आणि मग स्वतः व्रते घेतली. आनंदाने तिच्या वतीने काही जाहीर केले नाही.

आठवा राजगृहाचा महाशतक. त्याच्या घरात पत्नी रेवती मद्यमांसाच्या आहारी गेलेली आणि तो व्रतस्थ. कोणी काही लपवलेले नव्हते. अखेरच्या अनशनात तो बसला असताना ती येऊन त्याला छळू लागली, तेव्हा संतापून त्याने तिला सांगितले की सात दिवसांत तू मरशील आणि नरकात जाशील. त्याला ज्ञान झाले होते, तो बोलला ते शब्दशः खरे होते. भगवान महावीरांनी तरीही गौतमस्वामींना त्याच्याकडे पाठवले. खरे असले तरी असे कठोर, अप्रिय वचन बोलणे तुला योग्य नव्हते, याचे प्रायश्चित्त घे, असा निरोप होता. गौतमस्वामी राजगृहात त्याच्या घरी गेले आणि त्यांनी तो सांगितला. मरणाच्या दारात बसलेल्या त्या गृहस्थाने निरोप ऐकला आणि प्रायश्चित्त घेतले.